वाचकांचे प्रश्न : इस्फहानची जुनी जामे मशीद

गेल्या अंकात इराणमधील इस्फहान शहराच्या जामे मशिदीचा सचित्र परिचय प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नांची भाषा आवश्यक तेथे आटोपशीर केली आहे.

प्रश्न : या मशिदीच्या बांधणीचे साल कोठे ७७१, कोठे ८४१, तर कोठे १०८६ असे दिलेले आढळते. यांपैकी बरोबर कोणते? मशीद नेमकी बांधली कोणी? (एक वाचक, नाशिक)

तिन्ही साले आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या टप्प्यांची आहेत. या जागेवरची पहिली मशीद आठव्या शतकात, ७७१-७२ च्या सुमारास, शहरालगत स्थायिक झालेल्या अरबांनी उभारली. विसाव्या शतकाच्या सत्तरीत इटालियन पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सध्याच्या इमारतीखाली त्या मशिदीच्या किब्ल्याकडील, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीचे अवशेष मिळाले. त्या भिंतीची दिशा आजच्या भिंतीशी जुळत नाही. म्हणजे पुढच्या मंडळींनी जुन्या मशिदीत भर घालण्याऐवजी तिची आखणीच नव्याने केली. ही नवी आखणी अब्बासी खलिफा मुअतसिम याच्या काळातली, ८४०-४१ ची. सुमारे ८८ मीटर रुंद आणि १२८ मीटर लांब अशा आयताकृती जागेत मध्यभागी अंगण, चारही बाजूंना विटांच्या खांबांच्या रांगा आणि वर सपाट छत, असे त्या मशिदीचे स्वरूप होते. इराकमधील त्या काळच्या मोठ्या मशिदी याच धाटणीच्या होत्या.

दहाव्या शतकात बुवैही राज्यकर्त्यांच्या अमदानीत अंगणाच्या कडेने खांबांची आणखी एक रांग आली, त्यामुळे अंगण थोडे आक्रसले. हे खांब आवर्जून पाहण्यासारखे आहेत. त्यांच्यावर गिलावा नाही, रंग नाही. फक्त लहान विटा आडव्या, उभ्या आणि तिरक्या रचून चौकटींची आणि शंकरपाळ्यांची नक्षी उठवलेली आहे. पुढे तीनशे वर्षे इराणी गवंडी विटेतून जे काही साधणार होते, त्याचा धडा या खांबांवर आधीच गिरवलेला दिसतो. त्यानंतर सेल्जुक (हे अकराव्या-बाराव्या शतकांतले तुर्की घराणे; १०८६ हे साल त्यांच्या काळातल्या घुमटाचे, त्याची हकीकत पुढे येईल), इल्खानी, मुझफ्फरी, तैमुरी, अक कोयुन्लू आणि सफवी अशा एकामागून एक राजवटींनी येथे काही ना काही केले. ‘बांधली कोणी’ या प्रश्नाला म्हणूनच एका नावाचे उत्तर देता येत नाही, आणि तसे उत्तर देणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : मोठ्या चौकासमोरची निळी मशीद ती हीच का? (एक वाचक, ठाणे)

नाही. नक्श-ए-जहान चौकातील मशीद पहिल्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६११ मध्ये सुरू झाली. राजधानी १५९८ मध्ये इस्फहानला आणल्यावर त्याने शहराचे केंद्रच दक्षिणेकडे सरकवले. जुनी जामे मशीद तेथून ईशान्येला, जुन्या वस्तीत आहे, आणि दोन्हींना जोडणारा छपरांचा बाजार आजही चालू आहे. प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत छायाचित्रांची अदलाबदल सर्रास होते, त्यामुळे आपला गोंधळ होणे साहजिक आहे.

प्रश्न : नकाशा पाहून आपल्याकडील चौसोपी वाड्याची आठवण झाली. मधल्या चौकाकडे तोंड केलेले हे चार ‘ईवान’ म्हणजे सोपेच म्हणावेत काय? प्रार्थनेची दिशा एकच असताना चारही बाजूंना भव्य दालने कशासाठी? (एक वाचक, सातारा)

रचनेपुरते साम्य जरूर आहे, पण ईवान हा सोप्यासारखा लांबट आणि बुटका नसतो. तीन बाजूंनी भिंती, वर कमानदार छत आणि चौथी बाजू जमिनीपासून माथ्यापर्यंत पूर्ण उघडी, असे हे उंच दालन असते. इस्लामपूर्व इराणमध्ये ते राजवाड्याचे अंग होते. ससानी सम्राटांच्या टेसिफॉन येथील प्रासादाची प्रचंड कमान आज इराकमध्ये उभी आहे, तिच्यावरून त्याची कल्पना येईल. राजा आतल्या सावलीत बसलेला आणि प्रजा बाहेरच्या उजेडात उभी, असा त्या रचनेचा हेतू होता.

हा दरबारी प्रकार मशिदीत शिरला तो सेल्जुक काळात. अरब इतिहासकार इब्न अल-असीर सांगतो, की हिजरी ५१५ मध्ये, म्हणजे ११२१-२२ मध्ये, इस्माइली या शिया उपपंथाच्या लोकांनी या मशिदीला आग लावली. आगीनंतर झालेल्या दुरुस्तीचा उल्लेख मशिदीच्या एका जुन्या दरवाजावरील लेखातही आहे. त्या दुरुस्तीच्या निमित्ताने आणि तिच्या पुढेमागे अंगणाच्या चारही बाजूंचे मधले खांब काढून तेथे ईवान बसवण्यात आले. चौघे एकाच वेळी झाले असे नाही, मात्र बाराव्या शतकात ही रचना पुरी झाली. इस्फहानजवळच्या झवारे गावची मशीद ११३५-३६ ची असून ती प्रथमपासूनच चार ईवानांची म्हणून बांधलेली आहे. यावरून नवी पद्धत किती झपाट्याने रुजली ते दिसते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. चारही बाजूंना प्रार्थना होत नाही, हे खरेच. सारे नमाजी किब्ल्याकडे, म्हणजे इस्फहानच्या संदर्भात नैर्ऋत्येकडे, तोंड करतात. (सोयीसाठी त्या बाजूला दक्षिण म्हणण्याची रूढी आहे.) परंतु मध्ययुगीन जामे मशीद केवळ नमाजापुरती नव्हती. तेथे अध्यापन चाले, न्यायनिवाडे होत आणि लोक दुपारच्या उन्हात विसावाही घेत. सूर्य फिरेल तशी सावली एका ईवानातून दुसऱ्यात जाते, ही सोय इस्फहानसारख्या कोरड्या हवेच्या गावी लहान नव्हे. लोकांनी या ईवानांना दिलेली नावेही बोलकी आहेत. दक्षिणेचा ‘साहेब’ म्हणजे वजीर, पश्चिमेचा ‘उस्ताद’, पूर्वेचा ‘शागिर्द’ आणि उत्तरेचा ‘दरवेश’. उस्ताद आणि शागिर्द अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले आहेत.

शिवाय दिशेची खूण करण्याचे कामही ईवानच करतात. चौघांची ठेवण सारखी असली, तरी दक्षिणेच्या ईवानाच्या दोन बाजूंना मीनार आहेत आणि त्याच्या मागे मोठा घुमट आहे. अंगणात पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसालाही किब्ला विचारावा लागत नाही.

प्रश्न : लेखात दोन घुमटांचा उल्लेख आहे, एक दक्षिणेला आणि एक अगदी उलट टोकाला, उत्तरेला. प्रार्थनेच्या विरुद्ध दिशेला घुमट बांधण्याचे कारण काय? आणि लहान घुमटाची एवढी वाखाणणी का केली जाते? (दोन वाचक, पुणे आणि बडोदा)

यामागे सेल्जुक दरबारातील दोन माणसांचे वैर आहे. सुलतान मलिकशाह (कारकीर्द १०७२ ते १०९२) याचा वजीर निजाम-उल-मुल्क हा त्या काळी साम्राज्याचा खरा कारभारी होता. त्याने १०८६-८७ मध्ये मशिदीच्या किब्ल्याकडील भागातले जुने खांब काढून मिहराबासमोर, म्हणजे किब्ला दाखवणाऱ्या भिंतीतील कोनाड्यासमोर, सुलतानासाठी घुमटाचे दालन उभारले. त्याचा व्यास सुमारे १५ मीटर असून, बांधला गेला तेव्हा तो मुस्लिम जगातील विटेच्या सर्वांत मोठ्या घुमटांत गणला जात असला पाहिजे. आतल्या लेखात सुलतानाबरोबर वजिराचेही नाव आहे.

दरबारात निजाम-उल-मुल्काचा प्रतिस्पर्धी होता ताज-उल-मुल्क. सुलतानाची वजनदार बेगम तुर्कान खातून हिचा तो कारभारी, आणि वजिराची जागा मिळवण्याची त्याची खटपट उघड होती. त्याने दोनच वर्षांनी, १०८८-८९ मध्ये, त्याच अक्षावर पण मशिदीच्या तेव्हाच्या हद्दीबाहेर उत्तरेला दुसरा घुमट बांधला आणि त्यावर स्वतःचे नाव घातले. व्यास सुमारे १० मीटर, उंची सुमारे २०. तेथे बेगम प्रार्थना करी, असे काही अभ्यासकांना वाटते. मशिदीत येण्यापूर्वी सुलतान तेथे थांबून पोशाख बदलत असे, असे इतर काहींचे म्हणणे आहे. घुमटाच्या बुडाशी कुराणाच्या सातव्या सूऱ्यातील (अध्यायातील) चौपन्नावी आयत, म्हणजे वचन, आहे. सहा दिवसांत आकाश आणि पृथ्वी निर्माण करून सिंहासनावर आरूढ झालेल्या आणि दिवसावर रात्रीचे पांघरूण घालणाऱ्या ईश्वराचे त्यात वर्णन येते. मशिदीत क्वचित वापरली जाणारी ही आयत निवडण्यात राजवैभवाचे सूचन असावे, असा तर्क केला जातो आणि तो आम्हांला पटतो.

या चढाओढीचा शेवट दोघांनाही लाभला नाही. ऑक्टोबर १०९२ मध्ये निजाम-उल-मुल्काचा खून झाला, महिन्याभरात मलिकशाहही गेला, आणि निजामाच्या पदरच्या शिपायांनी १०९३ मध्ये ताज-उल-मुल्काला ठार केले. घुमट मात्र दोन्ही राहिले, आणि ते शेजारी शेजारी ताडून पाहता येतात, हे आपले भाग्य.

तसे ताडून पाहिले, की लहान घुमटाचे मोठेपण कळते. चौरस दालनावर गोल घुमट बसवणे हा गवंड्यापुढचा जुना पेच. चौरसाच्या चारही कोपऱ्यांत तिरक्या कमानी टाकून त्याचा अष्टकोन करायचा, अष्टकोनावर सोळा लहान कमानी उभ्या करून षोडशकोन साधायचा आणि त्यावर घुमटाचे वर्तुळ टेकवायचे, ही रीत दोन्ही ठिकाणी आहे. दक्षिणेच्या घुमटात ही सांधेजोड वर, आपल्या जागी होते आणि खालचे जाड खांब तिची फारशी दखल घेत नाहीत. वजन पेलणे एवढेच त्यांचे काम. उत्तरेच्या घुमटात खालची भिंतच वरच्या भागाचा विचार करून आखलेली आहे. कोपऱ्यातील कमान वर तीन पाकळ्यांत विभागली जाते, तर त्या प्रत्येक पाकळीच्या रेषेत खाली जमिनीपासून एक बारीक अर्धस्तंभ निघालेला असतो. मधल्या मोठ्या कमानीला उंच निमुळते कोनाडे दोन्ही बाजूंनी साथ देतात. दालनात उभे राहून कोणतीही एक उभी रेषा नजरेने पकडावी आणि तिच्या मागोमाग वर जावे. ती मध्येच तुटत नाही, घुमटाच्या बुडाशी पोहोचूनच थांबते. सारे काम भाजलेल्या विटेचे, मातकट रंगाचे. म्हणून त्याला ‘खाकी घुमट’ असेही म्हणतात.

प्रश्न : या खाकी घुमटाची आखणी कवी उमर खय्यामने केली, असे एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य आहे काय? (एक वाचक, नागपूर)

पुरावा नाही, पण कल्पना अगदीच हवेतली नाही. घुमटाच्या आतल्या पृष्ठभागावर विटेच्या दुहेरी पट्ट्यांचे एकमेकींत गुंतलेले जाळे असून त्यातून मध्यभागी पंचकोन तयार होतो. येथे जाणत्याने थबकावे. चार, आठ आणि सोळा अशा क्रमाने चढत आलेल्या इमारतीवर पाच भागांची नक्षी सहजी बसत नाही, कारण सोळाला पाचाने भाग जात नाही. असे अवघड काम मुद्दाम अंगावर घेणाऱ्याला भूमितीचा पक्का आधार असला पाहिजे, हे मान्य करावे लागते.

खय्याम त्या वर्षांत मलिकशाहच्या इस्फहानमधील वेधशाळेत काम करत होता आणि १०७९ मध्ये अमलात आलेल्या जलाली पंचांगाच्या सिद्धतेत त्याचा वाटा होता. त्याच्या एका गणिती लेखात विशिष्ट प्रमाणाच्या काटकोन त्रिकोणाची चर्चा आहे, आणि ते प्रमाण या घुमटाच्या उंची-रुंदीशी जुळते, असे वास्तू-भूमितीच्या एका अभ्यासकाने मांडले. जुळणी आकर्षक आहे, परंतु पडझड सोसलेल्या इमारतीची मापे घेऊन त्यांत हवे ते प्रमाण शोधणे फार अवघड नसते. दुसरी एक गोष्टही ध्यानात घ्यावी. गणितज्ञ अबुल वफा बूझजानी (९४० ते ९९८) याने कारागिरांना उपयोगी पडणाऱ्या भूमितीवर पूर्वीच ग्रंथ लिहिला होता. गणिती आणि गवंडी यांची देवाणघेवाण त्या प्रदेशात रुळलेली होती. अनामिक पण हुशार मिस्त्रीचे श्रेय काढून ते प्रसिद्ध कवीच्या पदरात टाकण्याची घाई आपण कशासाठी करावी?

प्रश्न : छायाचित्रांत अंगण निळ्या टाइलनी झळाळताना दिसते. सेल्जुकांची मशीदही अशीच निळी होती काय? (एक वाचक, इंदूर)

नव्हती. ती विटेच्या रंगाची होती, आणि तिचे अलंकरण विटांच्या रचनेतून व कोरीव गिलाव्यातून होई. आज दिसणारा निळा रंग मुख्यतः पंधराव्या शतकापासून पुढचा. अक कोयुन्लू सुलतान उझून हसन याने १४७५-७६ मध्ये दक्षिणेच्या ईवानाची दुरुस्ती करून तेथे टाइलचे काम करवले, आणि सफवी शाह तहमास्पच्या काळातील, १५३१-३२ चा, लेखही त्याच ईवानावर आहे. पश्चिमेच्या ईवानावरील चौकोनी अक्षरांची टाइलकारी आणखी नंतरची, सफवी काळाच्या अखेरची. मूळ विटेचा बाज पाहायचा असल्यास पूर्वेच्या शागिर्द ईवानात जावे. त्याच्या आतल्या भागात टाइल फार कमी आहे आणि एकावर एक पुढे आलेल्या कोनाड्यांची, म्हणजे मुकर्नसची, विटेतील बांधणी उघडी दिसते.

प्रश्न : शिया-सुन्नी वादाच्या काही खुणा इमारतीत सापडतात काय? (एक वाचक, औरंगाबाद)

सापडतात, आणि त्यांतली एक फार सुंदर आहे. सेल्जुक सुन्नी होते. चेंगीझखानाच्या वंशातला इल्खानी सुलतान उल्जायतू याने १३०९-१० च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला, आणि १३१० मध्ये त्याच्या वजिराने पश्चिमेच्या ईवानालगतच्या दालनात गिलाव्यात कोरलेला मिहराब बसवला. त्यावरच्या लेखांत हजरत अलींचा गौरव आणि शिया ज्यांना मानतात त्या बारा इमामांची नावे आहेत. कारागीर हैदर याचेही नाव आहे. अक्षरे आणि वेली एकाच पातळीवर नसून थरांवर थर अशा कोरलेल्या आहेत. मागे बारीक वेल, तिच्यावर मोठ्या पानांची वेल आणि सर्वांत पुढे अक्षरे. बाजूने उजेड पडला, की अक्षरांची सावली पानांवर पडते आणि मजकूर ठळक होतो. सुलतानाच्या नव्या श्रद्धेचा असा जाहीरनामा सुन्नी बहुसंख्येच्या इस्फहानला कितपत रुचला असेल, याची कल्पना करता येईल. सफवी काळात शिया पंथ हाच राज्याचा पंथ झाल्यावर हा मिहराब जपला गेला हे ओघाने आले.

प्रश्न : हिवाळी प्रार्थनागृहाला खिडक्याच नाहीत, मग उजेड कोठून येतो? (एक वाचक, पणजी)

छतातून. हे दालन १४४७ मध्ये तैमुरी शाहजादा सुलतान मुहम्मद याच्या काळात झाले. रुंद, बुटक्या कमानी जवळजवळ जमिनीपासूनच उगवतात, त्यामुळे तंबूत शिरल्यासारखे वाटते आणि ऊब टिकते. छतात मधूनमधून पारभासक अलाबास्टर दगडाच्या लाद्या बसवलेल्या आहेत. त्यांतून मंद, दुधी उजेड खाली येतो.

प्रश्न : इराण-इराक युद्धात मशीद उद्ध्वस्त झाली होती, हे खरे आहे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उद्ध्वस्त नाही, पण त्या युद्धात (१९८० ते १९८८) झालेल्या हल्ल्यात एका भागाची छते कोसळली. ती नंतर पुन्हा बांधण्यात आली. युनेस्कोने २०१२ मध्ये मशिदीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

प्रश्न : आम्ही उदगीरहून अनेकदा बीदरला जातो. तेथील महमूद गवानच्या मदरशाचे या परंपरेशी काही नाते आहे काय? (एक वाचक, उदगीर)

थेट नाते आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा इराणच्या गीलान प्रांतातला. त्याने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशात मधले अंगण आणि चार बाजूंच्या मध्यावर चार मोठी दालने, हीच इराणी रचना आहे, आणि दर्शनी भागावर व उरलेल्या मीनारावर इराणी पद्धतीच्या रंगीत टाइलचे अवशेष आजही दिसतात. सालांकडे पाहिले तर उझून हसनने इस्फहानच्या दक्षिण ईवानावर टाइल बसवली ती यानंतर तीन-चार वर्षांनी. म्हणजे बीदरचे काम एखाद्या जुन्या पद्धतीची उशिरा आलेली नक्कल नसून इराणमध्ये त्याच दशकात चालू असलेल्या कारागिरीचा भाग आहे.

फरक साहित्यात आहे. इस्फहानला सारे काही विटेचे, तर बीदरला दगड आणि चुना. त्यामुळे विटांच्या रचनेतून नक्षी काढणे तेथे शक्य नव्हते आणि अलंकरणाचा सगळा भार टाइलवर पडला. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, इमारतीत साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन तिचा मोठा भाग ढासळला. पुढच्या खेपेस बीदरला जाल तेव्हा उरलेल्या मीनाराच्या अंगावर नागमोडी पट्ट्यांत बसवलेल्या टाइल जवळून पाहाव्यात, आणि मग अंगणात मध्यभागी उभे राहून चारही दालनांच्या जागा नजरेने जोडाव्यात. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ च्या मशिदीलाही भेट द्यावी. तिचा स्थपती रफी हा कझवीनच्या घराण्यातला, म्हणजे इराणीच. पण त्याने अंगणच वगळले आणि संपूर्ण मशीद छताखाली घेतली.